दक्षिणेच्या भिंतीवरच्या गोवऱ्या

आर्लिस क्लुंट ज्या खोलीत एकतीस वर्षं गाड्यांच्या नंबरपाट्या देत बसली, त्याच खोलीत आता एक प्लास्टरची बाई चरखा घेऊन बसलेली असते. आर्लिसच्या मते कामात फार फरक पडलेला नाही. ती बाईही समोरच्या माणसाकडे बघत नाही आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. फक्त तिला पेन्शन नाही.

ऑर्डनची ही लाल विटांची कचेरी अमेरिकेतलं डाकोटा अजून राज्यही झालं नव्हतं तेव्हा बांधलेली. तळघरात तुरुंग, खाली न्यायालय, वर कर आणि जमिनीची दप्तरं. दोन हजार एकमध्ये जिल्ह्याचा कारभार हायवेकडच्या पत्र्याच्या बैठ्या इमारतीत गेला, त्याबरोबर आर्लिसही गेली. दोन वर्षं जुन्या कचेरीत कबुतरं राहिली. मग गावातल्या बायकांनी कबुतरं हाकलून तिथे पायोनियर म्युझियम काढलं. पाटीवर तसं लिहिलंय, पण गाव अजून कचेरीच म्हणतं. आर्लिस निवृत्त झाली, घरी बसून नवऱ्याचं खोकणं ऐकण्यापेक्षा बरं म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार दहा ते चार इथे येऊ लागली. आता ती बहात्तर वर्षांची आहे. येणाऱ्याला दाखवणं, पावती फाडणं, आणि कोणी पायपेटी वाजवायला लागलं की हात काढायला लावणं, एवढं तिचं काम.

पायपेट्या अकरा आहेत. ऑर्डन जिल्ह्यात माणूस मेलं की चांगली भांडी मुली नेतात, कपडे चर्चला जातात, आणि जे कोणालाच नको असतं ते कचेरीत येतं. नाही म्हणायची सोय नसते, कारण देणारा रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसलेला असतो. म्हणून अकरा पायपेट्या, त्रेचाळीस इस्त्र्या आणि मेलेल्या नातेवाइकांच्या केसांची विणलेली सात तोरणं, काचेच्या चौकटीत. बरं, देऊन मोकळे होतील तर तेही नाही. वर्षातून एकदा येऊन आपली इस्त्री कुठे ठेवलीय ते बघतात. मागच्या फळीवर दिसली की सहा महिने बोलत नाहीत. प्लास्टरच्या बाईच्या अंगावर 'नवरीचा पोशाख, १८९२' म्हणून जे आहे तो एका बाईचा रात्रीचा गाऊन आहे, हे आर्लिसला ठाऊक आहे. कारण तिनं तो तिच्या दोरीवर वाळताना पाहिला होता, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरमध्ये. पण गाऊन मार्डेल ओस्बीच्या सासूचा होता, आणि मार्डेल म्युझियमच्या समितीची अध्यक्ष.

मार्डेल अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नॉर्वेहून आलेल्यांच्या घरात जन्मलेली आणि तसल्याच घरात दिलेली. ताठ. पावसातही तिचे केस हलत नाहीत. न्यायालयाच्या खोलीत जी 'पहिल्या घराण्यांची भिंत' आहे ती तिची कल्पना. राज्य झालं दोन नोव्हेंबर अठराशे एकोणनव्वदला. त्याच्या आधी जे जिल्ह्यात होते त्यांचे फोटो त्या भिंतीवर, आल्याच्या तारखेप्रमाणे ओळीनं. नियम दोन. पुरावा सरकारी कागदाचा हवा, घरातली बायबलं, पत्रं, आजोबांच्या गोष्टी चालणार नाहीत. आणि प्रत्येक फोटोखालच्या कार्डावर तो पुरावा कोणता हे लिहायचं, म्हणजे मागाहून कोणी संशय घ्यायला नको. भिंतीवर छप्पन्न फोटो आहेत. त्यातले अकरा ओस्बी.

एकदा पलीकडच्या मूळ रहिवाशांच्या राखीव भागातला एक निवृत्त डाकोटा जमातीचा मास्तर बायकोला घेऊन आला. सगळं शांतपणे बघितलं. अभिप्रायाच्या वहीत एक रकाना आहे, 'आपलं घराणं इथे कधी आलं?' त्यात त्यानं लिहिलं, 'तुम्ही आलात तेव्हा आम्ही घरीच होतो.' मार्डेलनं ते पान स्टेपल करून टाकलं. आर्लिसनं दुसऱ्या दिवशी स्टेपल काढली.

ह्या भिंतीवर एक फोटो नव्हता, त्याची ही गोष्ट.

आर्लिसची आई ओटिलिया. वय चौऱ्याण्णव, मुक्काम 'गोल्डन प्रेअरी' नावाच्या वृद्धाश्रमात, खोली बारा. माहेरची मेट्झ. मेट्झ म्हणजे रशियातून आलेले जर्मन. तिकडे शंभर वर्षं राहून जर्मनच बोलले, इकडे आले तर लोक त्यांना रशियन म्हणाले. ओटिलियाच्या आजीचं नाव काथरिना. ओटिलियाला ती चांगली आठवत होती, कारण आजी मेली तेव्हा ओटिलिया अठरा वर्षांची होती. मेट्झ लोक एकोणनव्वदच्या शरदात आले, असं घरात सगळे सांगत. पण आल्यावर ते काथरिनाच्या दिराच्या घरात राहिले, आणि स्वतःच्या जमिनीची नोंद केली नव्वदच्या मार्चमध्ये. साडेचार महिने उशीर.

म्युझियम उघडलं त्या वर्षी ओटिलिया नवा कोट घालून, काखेत जर्मन बायबल घेऊन आली होती. बायबलच्या पहिल्या पानावर काथरिनाच्या नवऱ्याच्या हातचं होतं, 'सप्टेंबर १८८९, ऑर्डनला पोचलो, देवाची कृपा.'

"ओटिलिया, बायबल सरकारी नाही," मार्डेल म्हणाली होती.

"देवापेक्षा तुमचा तहसीलदार मोठा का?"

"नियम सगळ्यांना एकच आहे."

ओटिलियानं बायबल मिटलं, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं त्या इमारतीत पाऊल ठेवलं नाही. लेक तिथे काम करते याचा तिला राग नव्हता. उलट ती आर्लिसकडून रिपोर्ट घ्यायची. दर रविवारी आर्लिस सफरचंदाचा कूखन घेऊन वृद्धाश्रमात जाई. आई पाव-केकाचा तो तुकडा बोटांनी मोडत विचारी,

"मार्डेल मेली का?"

"नाही गं आई."

"मग मी थांबते."

हे इतकी वर्षं थट्टेत चाललं. या जानेवारीत डॉक्टरनं आर्लिसला बाहेर बोलावून सांगितलं की हृदयाची झडप आता थट्टेत चालणारी नाही, उन्हाळा निघाला तरी खूप. त्या रविवारी आई म्हणाली, "आर्लिस, मला बाकी काही नकोय. आजी त्या भिंतीवर असायला हवी होती. शाळेत त्या नॉर्वेवाल्या पोरी आमच्याकडे बघायच्या ना, तसं त्यांच्या पणजोबांकडे तिला एकदा बघू दे."

आर्लिस हो हो म्हणत घरी आली आणि नवऱ्यावर विनाकारण ओरडली.

फेब्रुवारीत थंडीनं कचेरीच्या तळघरातला नळ फुटला. बॉयलरच्या मागच्या कपाटात तुरुंगाची जुनी रजिस्टरं होती, ती भिजली. मार्डेल म्हणाली, फेकून द्या, त्यात दारुडे आहेत नुसते. पण आर्लिसनं एकतीस वर्षं सरकारी कागद सांभाळलेला होता. तिनं घरून केस वाळवायचं मशीन आणलं, टेबलाशी बसली आणि एकेक पान वाळवू लागली. दारुडा, दारुडा, घोडाचोर, दारुडा, पुन्हा तोच दारुडा. तिसऱ्या दिवशी अठराशे एकोणनव्वदचा ऑक्टोबर वाळला.

चौदा तारीख. 'काथरिना मेट्झ, रशियन बाई, वय चोवीस. कचेरीच्या दक्षिण भिंतीवर लिदीच्या सुमारे दोनशे थापट्या थापल्या. काढ म्हटल्यावर नकार. कारकून पेडर ओस्बी यांच्या तोंडावर एक ओली थापटी मारली, उजव्या बाजूस. तीन दिवस.'

आर्लिसनं मशीन बंद केलं. मग ती एकटीच तळघरात इतकी हसली की वर दोन पर्यटक होते ते जिन्यावरून डोकावले.

राज्य व्हायच्या एकोणीस दिवस आधी. सरकारी कागद, सरकारी शाई, खुद्द ह्याच इमारतीतला. आणि तोंड कोणाचं, तर पेडर ओस्बीचं! मार्डेलच्या नवऱ्याचा पणजोबा, भिंतीच्या मधोमध लटकलेला, दोन्ही गालांवर झाडूसारखे कल्ले.

हसू ओसरल्यावर मात्र मशीनची वायर हातात गुंडाळत ती तशीच बसून राहिली. कारण आईला हे दाखवायचं कसं?

ह्या मैदानात झाड नाही. रशियातून आलेल्या बायका तिकडच्यासारखंच शेण आणि काड तुडवून गोवऱ्या करायच्या आणि हिवाळाभर चुलीत त्याच जाळायच्या. नॉर्वेवाले नाक मुरडायचे आणि मग उसन्या न्यायचे. जिल्ह्यातल्या प्रत्येक मेट्झ, वाल्ट, वांगर घरात हे झालेलं. पण ओटिलियासमोर तो विषय काढायची सोय नव्हती. "आमच्याकडे कोळसा होता," ती म्हणायची. कोणी विचारलं नसलं तरी म्हणायची. ही बाई बटाटेसुद्धा साबणानं धुवायची. आर्लिसच्या लहानपणी शाळेतून आल्यावर आधी तिचे केस हुंगायची आणि मग तोंड बघायची. तिला जाऊन सांगायचं की आई, आजी भिंतीवर चढते आहे, पण शेणासकट?

आर्लिसनं आधी मार्डेलला गाठलं. मार्डेलनं चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या गालाकडे गेला.

"हे खरं कशावरून?"

"सरकारी आहे. तुझाच नियम."

"माझा नियम घराण्यांसाठी आहे, गुन्हेगारांसाठी नाही."

"अगं, तो चौथा फोटो आहे ना, त्या माणसानं दोन बायका केल्या होत्या. एकाच वेळी. त्याच्या कार्डावर 'जमीन नोंद' लिहिलंय म्हणून तो सभ्य?"

मार्डेलनं चष्मा काढून पुसला. ती ताठ होती, पण खोटी नव्हती. नियम मोडणं तिला शेणापेक्षा घाण वाटायचं. थोड्या वेळानं म्हणाली, "फोटो लावू. पण कार्डावर नुसतं 'सरकारी नोंद, ऑक्टोबर १८८९' एवढंच. लीद नाही, पेडर नाही, तुरुंग नाही. तुझ्या आईचीही अब्रू राहील, आमचीही."

"आणि पूर्ण पुरावा लिहायचा नियम?"

"नोंद आहे. सरकारी आहे. खोटं काय आहे त्यात?"

आर्लिसला मनातून हायसं वाटलं. हसायचं होतं ते हसून झालं होतं. आई सही करेल, फोटो लागेल, कोणाला काही कळायचं नाही. सही लागणारच होती. घराण्यातल्या सगळ्यांत थोरल्या हयात माणसानं अर्जावर सही करायची, हाही मार्डेलचाच नियम.

रविवारी तिनं अर्ज पुढे केला. "आई, कागद सापडला. राज्य व्हायच्या आधीचा. इथे सही कर."

ओटिलियानं कूखनचा तुकडा खाली ठेवला. तिचे डोळे एकदम लकाकले, आणि लगेच बारीक झाले.

"कसला कागद?"

"सरकारी."

"सरकारी म्हणजे काय? लग्नाचा? जमिनीचा? कुत्र्याच्या बिल्ल्याचा?"

"नोंद आहे गं. एका रजिस्टरात."

"आर्लिस, आपले लोक रशियात झारच्या माणसानं पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करून बसले होते, म्हणून इकडे यावं लागलं. मला ते रजिस्टर दाखव, मग सही."

"ते बाहेर नेता येत नाही."

"मग मला आत ने."

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी वृद्धाश्रमाची गाडी कचेरीपाशी थांबली. चाकाच्या खुर्चीचा उतार दक्षिणेच्या बाजूनं आहे. ऊन चांगलं पडलं होतं. ओटिलियानं एकोणीस वर्षांपूर्वीचाच कोट घातला होता, तो आता तिला दोन वेळा गुंडाळता आला असता. उताराच्या मध्यावर ती म्हणाली, "थांब." हातमोजा काढला आणि तळहात विटांवर ठेवला.

"तापलीय," ती म्हणाली.

"दक्षिणेची ना. इथे बर्फ पहिला वितळतो."

"हं," म्हणून ओटिलियानं हातमोजा परत चढवला.

मार्डेल न्यायालयाच्या खोलीत उभी होती. टेबलावर रजिस्टर उघडून ठेवलं होतं, आणि का कोण जाणे, बशीत लेफ्सा. बटाट्याच्या पिठाच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. नॉर्वेवाल्यांकडे लाज वाटली की लेफ्सा काढतात.

"ओटिलिया, कशा आहात?"

"जिवंत. तुझ्यासाठी थांबलेय."

आर्लिस घाईनं म्हणाली, "आई, मी वाचून दाखवते."

तिनं ठरवलं होतं की मधलं गाळायचं. पण आई ओळीवरून बोट फिरवत होती आणि तिला इंग्रजी अक्षर लागत होतं. आर्लिसनं सगळं वाचलं. वाचून झाल्यावर ती आईकडे न बघता टेबलाकडे बघत राहिली. मार्डेल खिडकीबाहेर बघत राहिली.

ओटिलिया म्हणाली, "लीद?"

"आई, हे बघ, कार्डावर असं काही..."

"लीद लिहिलंय? लीद नव्हती ती. गायीचं शेण होतं. दिराच्या दोन गायी होत्या. लिदीच्या गोवऱ्या कोण थापतं? भुसभुशीत होतात, फुर्र करून जळून जातात. आजीला काय एवढंही कळत नव्हतं?" ती रजिस्टरावर झुकली. "आणि तीन दिवस? ती पाच म्हणायची."

आर्लिसनं टेबलावरून मान वर केली.

"तुला माहीत होतं," आर्लिस म्हणाली.

"माहीत असायला काय? दर नाताळाला सांगायची ती. एक लागली, दुसरी चुकली. दुसरी मारायला नको होती, म्हणायची, उगाच एक गोवरी गेली."

"आई, मी एकतीस वर्षं त्या रजिस्टराच्या डोक्यावर बसले होते! दोन मजले खाली होतं ते! तू एकोणीस वर्षं मार्डेलच्या नावानं बोटं मोडलीस, माझं डोकं खाल्लंस, आणि पुरावा तुला माहीत होता?"

"मला काय ठाऊक त्यांनी लिहून ठेवलं असेल?"

"सरकार लिहीतच बसलेलं असतं, आई! माझं काम तेच होतं!"

"बरं, होतं ठाऊक," ओटिलिया म्हणाली. "लिहिलं असणार हे ठाऊक होतं. म्हणून तर मागितलं नाही."

मग तिनं जे सांगितलं ते फार थोडक्यात सांगितलं, आणि मार्डेलकडे पाठ करून. छत्तीस साली ती आठ वर्षांची होती. धुळीची वर्षं, गवत नाही, पीक नाही, कोळसा तर नाहीच. जूनमध्ये आजी तिला अनवाणी शेणात तुडवायला उभी करायची. शाळा सुरू झाली की कितीही धुतलं तरी पायांच्या भेगांत ते राहायचंच. वर्गात तिच्या मागच्या बाकावरची पोर वर्षभर नाकाला रुमाल लावून बसली. मास्तरणीनं त्या पोरीला काही म्हटलं नाही, ओटिलियाला खिडकीपाशी बसवलं.

"खिडकीतून वारा यायचा. डिसेंबरात," ओटिलिया म्हणाली. "बास. तुमचं ते 'सरकारी नोंद' लिहा आणि मला सही करू द्या. तुमच्या म्हाताऱ्याचं थोबाडही राहील स्वच्छ."

मार्डेलनं कार्डाचा मसुदा काढला. पेन शोधायला ती आत गेली. आर्लिसला खरं तर बरं वाटायला हवं होतं. आईला हवं होतं ते मिळत होतं, तेही न लाजता. पण आईचा चेहरा तिला त्या प्लास्टरच्या बाईसारखा दिसत होता.

"मला बाथरूमला ने," आई म्हणाली. "सही पळून जात नाही."

बायकांचं बाथरूम न्यायालयाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत मातीच्या घराचा देखावा आहे, पहिल्या लोकांनी गवताची ढेकळं रचून केलेली घरं असायची तसं एक, पुठ्ठ्याचं. आत पलंग, पाळणा, लोखंडी चूल. शाळेची मुलं आली की आर्लिस त्यांना इथे उभं करून माहिती सांगते. चुलीशेजारी एक बादली आहे. ओटिलियानं खुर्चीचं चाक हातानं अडवलं.

"बादलीत काय आहे?"

"कोळसा, आई."

"मातीच्या घरात? कोळसा? पहिली चार वर्षं रेल्वे नव्हती इथे. कोळसा काय कबुतरांनी आणला? कोणत्या मूर्खानं ठेवलाय हा?"

मार्डेल पेन घेऊन मागोमाग आली होती. बादलीवरच्या कार्डाकडे तिनं पेनानं दाखवलं. आर्लिस हे कार्ड शेकडो वेळा पुसत आली होती आणि म्हणूनच तिनं ते कधी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

'रशियन-जर्मन घरांत इंधन म्हणून कोळसा वापरत. माहिती : श्रीमती ओटिलिया वाल्ट, ऑर्डन.'

"आम्ही उघडायच्या आधी सगळ्या म्हाताऱ्या बायकांकडे विचारायला गेलो होतो," मार्डेल म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "दोघी-तिघी म्हणाल्या गोवऱ्या. पण तुम्ही इतकं ठाम सांगितलंत, ओटिलिया. तुम्ही म्हणालात, गोवऱ्या गलिच्छ लोकांकडे. मग त्या बाकीच्याही म्हणाल्या, आमच्याकडेही कोळसाच होता."

ओटिलिया कार्डाकडे बघत राहिली. आपलं नाव असं छापील, काचेआड. तिला बहुधा वाटलं होतं, एक खोटं आहे, आपलं स्वतःचं, घरातलं, आपल्याबरोबर जाईल. ते इथे एकोणीस वर्षं बादली भरून बसलं होतं.

"पोरांना हे सांगतेस तू?" तिनं आर्लिसला विचारलं.

"दर मे महिन्यात, समितीनं लिहून दिलंय तसं. चार शाळा."

"आणि पोरं लिहून घेतात?"

"काही घेतात."

"त्या सगळ्या बायका," ओटिलिया म्हणाली. "लीना वांगर. ती थोरली श्लाख. त्यांनी जन्मभर शेण तुडवलं, हाताची नखं गेली त्यांची, आणि मी त्यांना गलिच्छ म्हटलं. माझ्यामुळे त्यांनीही..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मग एकदम मोठ्यानं म्हणाली, "काढ ती बादली."

"आत्ता?" मार्डेल म्हणाली.

"नाही, मी मेल्यावर. आत्ता! आर्लिस, उचल."

आर्लिसनं दोरी ओलांडून बादली उचलली. हे करायची परवानगी कोणालाच नव्हती, तिलाही नाही.

"मग तिथे काय ठेवू?" मार्डेलनं विचारलं.

"काय ठेवू म्हणजे? गोवऱ्या ठेव. कर."

"मी?"

"तुझ्या मुलाच्या चाळीस गायी आहेत ना? शेण ताजं घ्यायचं, पेंढा बारीक कापून, अर्ध्याला अर्धा. पायानं तुडवायचं, फावड्यानं नाही, फावड्यानं मिसळत नाही. आणि दक्षिणेच्या भिंतीला थापायचं. ती तापते, मी आत्ता हात लावून बघितलाय."

"ओटिलिया, ती भिंत संरक्षित वारसा आहे."

"तेव्हाही असंच म्हणाले."

मार्डेलच्या तोंडातून एक आवाज निघाला. आर्लिस तिला चाळीस वर्षं ओळखत होती, पण तो आवाज हसण्याचा आहे हे कळायला तिला वेळ लागला.

परत टेबलापाशी आल्यावर ओटिलियानं कार्डाचा मसुदा उलटा करून ठेवला. "हे नको. सगळं लिही. तुरुंगाची नोंद. दोनशे गोवऱ्या. लीद लिहिलंय तिथे कंसात लिही, चुकीचं आहे, शेण."

"आणि पेडर?" मार्डेल म्हणाली. तिनं लेफ्साची बशी उगाच सरळ केली. "माझ्या मुलाचं नाव पेडर आहे, ओटिलिया. नातवाचंही. जिल्हा हसेल."

"हसू दे. माझ्या आजीनं तीन दिवस दिले, तुझ्या पणजसासऱ्यानं एक बादली पाणी. कोणाला जास्त महाग पडलं?"

"तेवढं नाव गाळलं तर?"

"मग तुझा नियम मोडला," ओटिलिया म्हणाली. "पूर्ण पुरावा लिहायचा. एकोणीस वर्षांपूर्वी मी बायबल घेऊन उभी होते, तेव्हा सांगितलं होतंस, नियम सगळ्यांना एकच."

मार्डेल बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मधोमध पेडर ओस्बी, झाडूसारखे कल्ले, जन्मात कोणी हात लावला नसेल असा चेहरा. शेवटी ती बसली, नवं कार्ड घेतलं आणि तिच्या त्या शाळेतल्यासारख्या अक्षरात सगळं लिहिलं. 'उजव्या बाजूस' हे शब्द लिहिताना ती थांबली, पण लिहिले.

ओटिलियानं वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट फिरवत. मग सही केली. आर्लिसनं कागद धरला. सही वेडीवाकडी झाली, पण 'माहेरची मेट्झ' हे तिनं पुरं लिहिलं, रकान्यात मावत नव्हतं तरी.

"कुठे लावणार?" तिनं विचारलं.

आर्लिसच्या ध्यानात आलं आणि तिनं डोळे मिटले. तारखेप्रमाणे ओळ. काथरिना मेट्झ सगळ्यांत शेवटची, म्हणजे सत्तावन्नावी.

"बाथरूमच्या दाराशी," मार्डेल म्हणाली. "बायकांच्या. मी मुद्दाम करत नाही, ओटिलिया. जागाच तेवढी उरलीय."

आर्लिसला वाटलं, आता आई कोट गुंडाळून निघणार, पुन्हा एकोणीस वर्षांसाठी, आणि तेवढी वर्षं तर नाहीत. पण ओटिलिया म्हणाली, "दाखव," आणि आर्लिसनं खुर्ची तिकडे ढकलली. मार्डेलनं भिंतीवर पेन्सिलीनं एक बारीक खूण केली.

ओटिलियानं मान वर करून बघितलं. खुर्चीतून तिला ती खूण दिसत होती, पण मान दुखेपर्यंत वर करावी लागत होती. शेजारच्या छप्पन्न फोटोंचे तिला फक्त बूट दिसत होते.

"खाली घे," ती म्हणाली.

"सगळ्यांची उंची एकच आहे, ओटिलिया. साठ इंच."

"इथे येतं कोण? म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. बसलेली आणि बुटकी. तुझे पूर्वज काय फक्त उभ्या माणसांसाठी आहेत?"

"एकच फोटो खाली घेतला तर ओळ बिघडेल."

"मग सगळे खाली घे."

मार्डेलनं भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. छप्पन्न खिळे. मग ती खालच्या कपाटापाशी गेली आणि गुडघ्यावर बसून मोजायची टेप शोधू लागली.

"आर्लिस," आतूनच ती म्हणाली, "तुझ्या आईच्या डोळ्यांची उंची सांग."